दोन वर्षांची सनद

ऑगस्ट २०२४ मधला सोमवार होता. कोर्टाचं काम आटोपून ऑफिसात येऊन बसलो, तेवढ्यात ती आली. तिचे वडील माझे जुने पक्षकार. त्यांचा वाटपाचा दावा मी चौदा वर्षं चालवला, त्यामुळे ती मला लहानपणापासून काका म्हणते. हातातल्या फोल्डरमध्ये वकिलीच्या सनदेची, म्हणजे नोंदणीच्या दाखल्याची, प्रत आणि फीची पावती होती. "काका, सनदेची फी कायद्यात आहे तेवढीच घ्यायची, असं सुप्रीम कोर्टानं सांगितलंय ना? मग मी भरलेल्यातलं काही परत मिळेल का?"

प्रश्न ताज्या बातमीवरचा होता. ३० जुलै २०२४ रोजी गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला यांनी निकाल दिला होता. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४(१)(फ) मध्ये फीचा आकडा स्वच्छ लिहिलेला आहे : राज्य बार कौन्सिलला, म्हणजे वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेला, ६०० रुपये आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५० रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १०० आणि २५. मुद्रांक शुल्क वेगळं. यापलीकडे नोंदणीची अट म्हणून निरनिराळ्या नावांनी पैसे घेता येणार नाहीत, असं न्यायालयानं ठरवलं. पण हा निकाल पुढच्या नोंदण्यांसाठी आहे, आधी घेतलेली रक्कम परत करण्याची सक्ती नाही, हेही त्याच निकालात आहे. तिला तसं सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण तिनं ते मान्य केलं.

ती उठणार तेवढ्यात मी सनदेवरची तारीख वाचली. १५ नोव्हेंबर २०२२.

"बार परीक्षा कधी दिलीस?"

"दिली नाही अजून. सनद तर मिळालीय की."

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या मुलामुलींच्या तोंडून ऐकलंय की, तिच्या परवानगीनं, नावगाव वगळून, हे सगळं प्रकरण लिहून ठेवतो आहे. मुलगी हुशार आहे. एलएल.बी. ला तिला चांगले गुण होते. कायदा कमी कळतो म्हणून ती अडकली नव्हती.

सनद आणि तिची मुदत

सनद आणि बार परीक्षा यांचं नातं आपल्याकडे थोडं उलटं आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी परीक्षा, मग नोंदणी. आपल्याकडे पदवी मिळाली की आधी राज्य बार कौन्सिलच्या यादीत नाव लागतं, आणि परीक्षा नंतर. महाराष्ट्र आणि गोवा यांची बार कौन्सिल एकच. २००९-१० किंवा त्यानंतरच्या शैक्षणिक वर्षात पदवी घेतलेल्या प्रत्येकाला मिळणारी ही पहिली सनद तात्पुरती असते. तिच्यावर दोन वर्षं वकिली करता येते. त्या दोन वर्षांत ऑल इंडिया बार परीक्षा पास व्हायचं आणि सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे बार रूममध्ये ज्याला आपण नुसतं सीओपी म्हणतो, ते मिळवायचं. मुदत उलटली म्हणून नाव यादीतून पुसलं जात नाही, पण परीक्षा पास होईपर्यंत कोर्टात उभं राहण्याचा हक्क थांबतो.

हे असं का झालं, ते समजलं तर पोरांचा गोंधळ कमी होईल असं मला वाटतं. १९६१ च्या मूळ कायद्यात नोंदणीआधी प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली. पुढं बार कौन्सिल ऑफ इंडियानं १९९५ च्या नियमांनी नोंदणीआधी एक वर्षाची उमेदवारी सक्तीची केली, तर १९९९ मध्ये व्ही. सुधीर खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते नियम रद्द केले. मग २०१० मध्ये परीक्षेचा मार्ग निघाला. नोंदणी आधी होऊ द्यायची आणि परीक्षा नंतर घ्यायची, ही रचना तिथून आली. पहिली परीक्षा ६ मार्च २०११ ला झाली. ही परीक्षा घेण्याचा अधिकार तरी आहे का, हा वाद घटनापीठापर्यंत गेला आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींनी परीक्षा वैध ठरवली. व्ही. सुधीरचा निकाल चुकीचा ठरला. परीक्षा नोंदणीआधी घ्यायची की नंतर, हे त्यांनी बार कौन्सिल ऑफ इंडियावर सोपवलं.

माझ्या पिढीनं ही परीक्षा दिलेली नाही. आम्ही सनद घेतली आणि दुसऱ्या दिवशी कोट घालून उभे राहिलो. म्हणून आमच्यापैकी अनेक सीनिअर ज्युनिअरला ही आठवणही करून देत नाहीत. हा दोष आमचा आहे, आणि तो मला तिच्या प्रकरणात पहिल्यांदा नीट टोचला. सनद मिळाली त्या आठवड्यात ती पेढे घेऊन आली होती. पेढा खाल्ला, आशीर्वाद दिला. तारीख विचारली नाही.

तिची दोन वर्षं १४ नोव्हेंबर २०२४ ला संपणार होती. मधल्या काळात दोन परीक्षा होऊन गेल्या होत्या. सतरावी ५ फेब्रुवारी २०२३ ला, नेमकी तिच्या लग्नाच्या आठवड्यात. अठरावी १० डिसेंबर २०२३ ला. तिचा फॉर्म भरायचा राहिला, कारण तोवर ती नोकरीला लागली होती. आणि तिथं प्रकरण खरं अवघड झालं.

पगाराची नोकरी

लग्नानंतर सासरच्या गावी, १ जून २०२३ पासून ती एका पतसंस्थेत वसुली विभागात रुजू झाली. पूर्ण वेळ, महिन्याच्या पगारावर. नोटिसा काढायच्या, थकबाकीदारांच्या फाइली तयार करायच्या, संस्थेच्या वकिलांना कागद पोचवायचे. काम कायद्याचंच होतं, म्हणून आपण वकिलीच करतोय असं तिला मनापासून वाटत होतं.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४९ वा नियम याबाबत स्पष्ट आहे. वकिली करत असताना वकिलानं कुणाचाही पूर्ण वेळ पगारी नोकर असायचं नाही. नोकरी धरली, तर ज्या कौन्सिलच्या यादीत नाव आहे तिला तसं कळवायचं आणि वकिली थांबवायची. कळवल्यानं सनद जात नाही. नोकरी सुटली की पुन्हा सुरू करण्याची वाट असते. ती मात्र कळवायचं विसरली. विसरली म्हणण्यापेक्षा, असं काही कळवायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिचा पहिला बेत असा होता की, नोकरी चालू ठेवून परीक्षेचा फॉर्म भरायचा आणि बार कौन्सिलला काहीच सांगायचं नाही. "कोण बघतंय, काका?" असंही ती म्हणाली. त्या दिवशी मी आवाज चढवला, ते मला आठवतं. सनद घेताना आपण शपथपत्र करून देतो. उद्या ती न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसली तर तिचा प्रत्येक कागद उलटसुलट तपासला जाईल. पतसंस्थेच्या पगारपत्रकात नाव आहे, भविष्यनिर्वाह निधीची नोंद आहे, आणि त्याच महिन्यांत वकिली केली असा दाखलाही जोडलाय, हे एकमेकांशेजारी ठेवलं की कुणालाही दिसेल.

आठवडाभरानं ती पुन्हा आली. सोबत नवरा होता. घरात बरंच बोलणं झालेलं दिसत होतं, कारण पगार सुटणार होता आणि घराचा हप्ता चालू होता. मी ज्युनिअरला देतो ते पैसे पतसंस्थेच्या निम्मेसुद्धा नव्हते, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "तिनं शिकलंय ते त्यासाठीच." ३० सप्टेंबरला ती पतसंस्थेतून कार्यमुक्त झाली. मग आम्ही कौन्सिलला साधं पत्र लिहिलं : रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, मधल्या काळात एकही वकीलपत्र दाखल केलं नाही हे निवेदन, सोबत कार्यमुक्तीचा दाखला. उशिरा कळवत असल्याबद्दल दिलगिरी. कारणांचा पसारा नाही. पोचपावती घेऊन ती फाइलला लावली.

तीन कागद, तीन नावं

यावर फार शाई घालवत नाही, पण अर्धा दिवस यात गेला म्हणून लिहितो. गुणपत्रिकेवर विद्यापीठाच्या पद्धतीप्रमाणे आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं. सनदेवर तिचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधार कार्डावर लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. परीक्षेचा फॉर्म सनदेच्या नोंदणी क्रमांकावर भरायचा, म्हणजे नाव सनदेप्रमाणे. केंद्रावर ओळखपत्र दाखवायचं, म्हणजे नाव हॉल तिकिटाशी जुळायला हवं.

दोन रस्ते होते. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून, विवाह नोंदणीचा दाखला जोडून बार कौन्सिलच्या यादीत नाव बदलून घ्यायचं. नाहीतर वकिली माहेरच्या नावानंच करायची. मी कुठलाच आग्रह धरला नाही. तिनं दोन दिवस विचार करून सांगितलं, "सनद माझ्या नावावर मिळालीय, तेच राहू दे." सुदैवानं पॅन कार्ड अजून जुन्याच नावाचं होतं, ते ओळखपत्र म्हणून चाललं. सोबत विवाह नोंदणीचा दाखला ठेवला, तो कुणी मागितला नाही.

२२ डिसेंबर

एकोणिसावी परीक्षा आधी २४ नोव्हेंबरला जाहीर झाली, मग १ डिसेंबरला गेली आणि शेवटी २२ डिसेंबर २०२४ ला झाली. तारखा अशा हलतात, म्हणून गाडीचं आरक्षण घाईनं करू नये हे ती पहिल्याच वेळी शिकली. फी खुल्या आणि इतर मागास वर्गाला ३,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना २,५००. नापास झालं तर पुन्हा पूर्ण फी. किती वेळा बसावं यावर बंधन नाही, वयाची अट नाही. त्याच वर्षी २० सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांनाही बसू द्यायला सांगितलं होतं. दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची ती याचिका होती. कॉलेजात शिकणाऱ्यांनी ही सोय पाहून ठेवावी, त्यांचं वर्ष वाचतं.

परीक्षा ऐकायला सोपी वाटते. शंभर बहुपर्यायी प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत, मराठीसह अकरा भाषांत पेपर, आणि कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात. पास व्हायला खुल्या आणि इतर मागास वर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के. अठराव्या परीक्षेपासून हे प्रमाण वाढलं, त्याआधी ४० आणि ३५ होतं. पुस्तक उघडून लिहायचंय म्हटल्यावर अभ्यास कशाला, ही समजूत सगळीकडे आहे. तिचीही होती.

मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून ती पहाटे पुण्यात उतरली आणि मावशीकडे गेली. दुपारी केंद्राच्या दारात पुस्तकं तपासली गेली. नेता येतो तो फक्त बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा कोरा मजकूर. टीका, टिपणं, न्यायनिवाड्यांचे संदर्भ असलेलं पुस्तक चालत नाही. तिच्या प्रती कॉलेजातल्या होत्या, प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात टिपणं. पाचपैकी तीन पुस्तकं बाहेर राहिली. आत गेली राज्यघटना आणि दिवाणी प्रक्रिया संहिता.

बाहेर राहिलेली तीन पुस्तकं होती भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा. आत नेली असती तरी पुरेसा उपयोग झाला नसता. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले होते, आणि परीक्षेच्या अभ्यासक्रमातही आले होते. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). तिला जुने क्रमांक तोंडपाठ होते. या तीन विषयांना शंभरातले सव्वीस गुण आहेत : दंड आठ, प्रक्रिया दहा, पुरावा आठ. राज्यघटना दहा, दिवाणी प्रक्रिया दहा, कौटुंबिक कायदे आठ, करार-मालमत्ता वगैरे मिळून आठ. उरलेले गुण दोन ते पाचच्या हिशेबानं बारा विषयांत विखुरलेले. म्हणजे फौजदारीचे सव्वीस हातून निसटले की बाकीच्या चौऱ्याहत्तरांतून पंचेचाळीस काढावे लागतात.

आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे लोक लक्ष देत नाहीत. तिनं माध्यम मराठी निवडलं होतं. तिच्याजवळची पुस्तकं इंग्रजीत होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ मधल्या पाच रिट, म्हणजे हक्क राखण्यासाठी कोर्ट काढतं ते आदेश, ती इंग्रजी नावांनी ओळखत होती. मराठी घटनेत त्यांना देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण म्हणतात. असे शब्द पहिल्यांदा परीक्षेच्या बाकावर भेटले की माणूस एकेका प्रश्नाला दोनदा वाचतो, मग इंग्रजी पुस्तकात त्याचा माग काढतो. शंभर प्रश्नांना प्रत्येकी साधारण दोन मिनिटंच मिळत होती. शेवटचे अकरा प्रश्न तिनं न वाचताच भरले.

उत्तरसूची आली तेव्हा आम्ही दोघांनी ऑफिसात बसून जुळवून पाहिलं. चाळिशीच्या आसपास अडकली होती. मार्चमध्ये निकाल लागला, नापास. ती रडली नाही. टेबलावरची फाइल उचलून म्हणाली, "उद्या वाटपाच्या मॅटरची यादी टाइप करायचीय ना?"

बिनहक्काचे महिने

१४ नोव्हेंबरला मुदत संपल्यापासून ती माझ्या ऑफिसात बसत होती, पण कोर्टात उभी राहत नव्हती. हे दिवस तिच्या इतकेच मलाही जड गेले. पुकारा झाला आणि मी दुसऱ्या कोर्टात असलो, तर तिनं उठून 'सर येताहेत' एवढं म्हणायला काय हरकत, असं बार रूममधले मित्र म्हणायचे. तारीख मागण्यापुरतं उभं राहणं सगळीकडे चालतं, हे खरं आहे. पण कायद्यात तसं 'पुरतं' काही नाही. कलम २९ आणि ३३ प्रमाणे वकिलीचा हक्क असलेल्यानंच उभं राहायचं. हक्क नसताना वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. मी तिचं नाव एकाही वकीलपत्रावर घातलं नाही. ती मागच्या बाकावर बसून उलटतपास ऐकायची, रोजनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीच्या, नकला काढायची, खटल्याचे मुद्दे स्वतःच्या वहीत उतरवायची. वकिलीचा गळ्यातला पांढरा बँड घरी ठेवला होता.

त्या काळात तिच्या नवऱ्याची बेळगावला बदली होण्याची शक्यता निर्माण झाली. मग सगळं पुन्हा कर्नाटकात करायचं का, हा प्रश्न आला. तसं नसतं. कलम ३० १५ जून २०११ पासून अमलात आहे आणि त्यानुसार यादीतला वकील देशातल्या कुठल्याही कोर्टात वकिली करू शकतो. बार परीक्षाही देशभरासाठी एकच आहे. कायमचं तिकडे राहायचं असेल तर कलम १८ खाली नाव एका राज्याच्या यादीतून दुसऱ्या राज्याच्या यादीत फी न भरता हलवता येतं. बदली झाली नाही, तो विषय तिथंच संपला.

तीन वर्षं कुठून मोजायची

२० मे २०२५ ला संध्याकाळी तिचाच फोन आला. आवाजात धाप. ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या खटल्यात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं त्या दिवशी सांगितलं होतं की, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायला किमान तीन वर्षांची वकिली हवी. ही अट २००२ मध्ये काढून टाकली होती, ती परत आली. तिचं पहिल्यापासून तेच स्वप्न : दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग.

निकालात एक दिलाशाची गोष्ट होती. तीन वर्षं बार परीक्षा पास झाल्यापासून मोजायची नाहीत, तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची, कारण परीक्षेच्या तारखा आपल्या हातात नसतात. फोनवर तिनं हिशेब मांडला. "१५ नोव्हेंबर २०२२ पासून, म्हणजे यंदाच्या नोव्हेंबरात तीन वर्षं पूर्ण. बरोबर ना, काका?"

त्याच निकालात पुढं लिहिलंय की अनुभवाचा दाखला संबंधित कोर्टाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यानं द्यायचा, किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलानं द्यायचा आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचं समर्थन घ्यायचं. म्हणजे तिच्या बाबतीत सही माझी.

मी तिला ऑफिसात बोलावलं आणि कोऱ्या कागदावर चार रेघा मारल्या. नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ ती सांगलीत दुसऱ्या एका वकिलांकडे बसत होती. तिथली दोन वकीलपत्रं तिच्या नावावर आहेत, त्या काळाचा दाखला त्यांनी द्यायचा. फेब्रुवारी ते मे २०२३ घरी. जून २०२३ ते सप्टेंबर २०२४ पतसंस्था. १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर २०२४ माझ्याकडे, सहा आठवडे, पाच वकीलपत्रं. तिथून पुढं हक्कच नाही. तात्पुरत्या नोंदणीपासून मोजणं म्हणजे कॅलेंडरची पानं मोजणं नाही. त्या काळात वकिली झालेली असावी लागते, आणि तसं मला सहीनिशी लिहून द्यायचंय.

"पतसंस्थेचे सोळा महिने तुम्ही लिहिणार नाही," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"नाही लिहिणार."

तिला पुढचे दोन दिवस मी पाहिलं नाही. माझंही मन थाऱ्यावर नव्हतं. ओळखीतल्या मुलीला नकार देताना आपण फार कडक झालो का, असं रात्री वाटत राहतं. मी सही केली असती तर बहुधा कुणाला कळलंही नसतं. पण ती न्यायाधीश होऊ पाहते आहे. समोर आलेला दाखला खरा की खोटा, हे तीच उद्या ठरवणार. तिच्या स्वतःच्या फाइलमध्ये तसा एक कागद मी कसा ठेवू?

तिसऱ्या दिवशी ती आली आणि फॉर्मच्या तारखेचं विचारलं.

दुसरी खेप

विसावी परीक्षा ३० नोव्हेंबर २०२५ ला होती. या वेळी तिनं जून महिन्यातच पुस्तकं घेतली : नव्या तिन्ही संहिता, घटना, दिवाणी प्रक्रिया, करार, साऱ्या द्विभाषी, डाव्या पानावर इंग्रजी आणि उजव्या पानावर मराठी. माध्यम पुन्हा मराठीच ठेवलं. एकाही पानावर रेघ मारायची नाही, हे ठरलेलं. अभ्यासाची टिपणं वेगळ्या वहीत. रोज सकाळी कोर्टात जाण्याआधी अर्धा तास आमचा खेळ चालायचा : मी विषय सांगायचा, तिनं पुस्तकात कलम काढायचं, घड्याळ लावून. जामीन, लेखी म्हणणं दाखल करायची मुदत, मृत्युपूर्व जबानी. पहिल्या आठवड्यात एका कलमाला तिला दोन मिनिटं लागायची. दिवाळीपर्यंत वीस सेकंदांवर आली. पुस्तक उघडून द्यायच्या परीक्षेत अनुक्रमणिका पाठ असणं फार कामाला येतं, बाकी अभ्यास तिचा झालेलाच होता.

छोटे विषय तिनं सोडले नाहीत. व्यावसायिक नीतिमत्तेचे चार गुण असतात. ४९ वा नियम तिथंच येतो, तो तिला आता कुणी शिकवायची गरज नव्हती. प्रश्नपुस्तिकेचा संच कोणता, ते उत्तरपत्रिकेवर सगळ्यात आधी भरायचं, हे मात्र मी चारदा बजावलं. तो गोल राहिला तर उत्तरं कुठल्या सूचीशी ताडायची, हेच यंत्राला कळत नाही.

या वेळी ती आदल्या दिवशी दुपारीच पुण्याला गेली, केंद्र डोळ्यांनी पाहून आली. संध्याकाळी पाच वाजता फोन. "सगळे वाचून सोडवले, काका. सहा पुस्तकं आत नेली." निकाल लागला तेव्हा ती नावाच्या यादीवरून तीनदा बोट फिरवत होती, कारण यादीत माहेरचं आडनाव होतं आणि घरातले सासरच्या आडनावानं शोधत होते.

सीओपी हातात आल्यावर मी एक जाड वही आणली. पहिल्या पानावर तिनं स्वतःच्या अक्षरात रकाने आखले : तारीख, कोर्ट, मॅटरचा क्रमांक, काम काय केलं, रोजनाम्यात नाव आहे की नाही. दर शनिवारी मी वाचतो आणि खाली सही करतो. सांगलीच्या वकिलांनी पहिल्या अडीच महिन्यांचा दाखला दिलाय, माझे सहा आठवडे मी लिहून दिलेत. उरलेली तीन वर्षांची भरती या वहीतून व्हायची आहे. आज सकाळी तिनं अकरा वाजता मनाई हुकुमाच्या दाव्यात पहिला उलटतपास घेतला, चौदा प्रश्न. तलाठ्यानं तेराव्या प्रश्नाला फेरफाराची तारीख कबूल केली. चौथ्या रकान्यात तिनं 'वादीतर्फे उलटतपास, अपुरा' असं लिहिलंय. पुढची तारीख सतरा.